पंचवीस मिनिटांची पहाट

त्सुचिनशान-अ‍ॅटलस हा धूमकेतू सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस पहाटेच्या आकाशात आला, तेव्हा आपल्या अक्षांशावरून त्याचे छायाचित्र घेण्यासाठी दररोज जेमतेम पंचवीस मिनिटे मिळत होती. धूमकेतू सूर्याच्या सुमारे दीड तास आधी उगवत होता. परंतु उगवल्यानंतरची पहिली पंधरा-वीस मिनिटे तो क्षितिजालगतच्या धूसर हवेत बुडालेला असे, आणि त्या हवेतून वर येईपर्यंत पूर्वेला फटफटू लागे. एकीकडे धूमकेतू चढत होता, दुसरीकडे आकाश उजळत होते, आणि या दोहोंच्या मधल्या अवधीतच कॅमेऱ्याला काही करता येत होते. या अवधीसाठी मी पाच पहाटे शिखर शिंगणापूरच्या डोंगरावर गेलो. पहिल्या दोन वाया गेल्या, तिसरी साधली, चौथी माझ्या वडिलांची होती आणि पाचव्या पहाटे धूमकेतूने निरोप घेतला.

या धूमकेतूची वाट मी दीड वर्ष पाहत होतो. ९ जानेवारी २०२३ रोजी चीनमधील पर्पल माउंटन वेधशाळेने तो प्रथम टिपला; त्या पर्वताच्या चिनी नावावरूनच ‘त्सुचिनशान’ हा शब्द आला आहे. पुढे २२ फेब्रुवारीला लघुग्रहांचा शोध घेणाऱ्या, दक्षिण आफ्रिकेतील अ‍ॅटलस प्रकल्पाच्या दुर्बिणीला तो स्वतंत्रपणे सापडला आणि दोन्ही नावे जोडली गेली. सी/२०२३ ए३ या त्याच्या अधिकृत संज्ञेतील ‘ए’ म्हणजे जानेवारीचा पहिला पंधरवडा आणि ‘३’ म्हणजे त्या पंधरवड्यातील तिसरा शोध. सूर्याजवळ येताना तो टिकेल की नाही, याविषयी शेवटपर्यंत धाकधूक होती. झ्देनेक सेकानिना यांच्यासारख्या ज्येष्ठ धूमकेतू-अभ्यासकांनी जुलै २०२४ मध्ये तो फुटून विखुरण्याचे भाकीत केले होते. तसे झाले नाही. २७ सप्टेंबरला तो सूर्यापासून सुमारे ५.८६ कोटी किलोमीटरवरून, म्हणजे बुध सरासरी जितक्या अंतरावरून फिरतो जवळजवळ तितक्याच अंतरावरून, सुखरूप पार झाला. तो ऐंशी हजार वर्षांनी परत येईल, असे वृत्तपत्रांतून पुन्हा पुन्हा छापून येत होते. माझ्या विद्यार्थ्यांनी त्याविषयी विचारले, तेव्हा मी त्यांना एवढेच सांगितले की त्याची कक्षा अन्वस्ताच्या, म्हणजे बंद न होणाऱ्या वक्राच्या, इतकी जवळ आहे की त्या आकड्यावर विसंबू नये. तो पुन्हा कधीच येणार नाही, असे समजूनच त्याच्याकडे पाहावे.

मी फलटणला राहतो आणि शाळेत विज्ञान शिकवतो. फलटणमधून हा धूमकेतू टिपणे अशक्य नव्हते, पण अवघड होते. गाव सखल भागात आहे, भोवती कालव्याच्या पाण्यावरचा ऊस आहे, आणि सप्टेंबरअखेरच्या पहाटे त्या उसावर दमट हवेचा थर साचून राहतो. रस्त्यांवरील पांढऱ्या एलईडी दिव्यांचा उजेड त्या थरात पसरला की क्षितिजावरचे दहा अंश पार झाकोळून जातात, आणि मला नेमके तेच दहा अंश हवे होते. खगोलप्रेमी सहसा डोक्यावरचे आकाश किती काळे आहे यावरून जागा निवडतात. पहाटेच्या धूमकेतूसाठी मात्र डोक्यावरच्या आकाशाला फारसे महत्त्व नसते, पूर्वेचा कडा स्वच्छ लागतो. क्षितिजापासून पाच अंशांवर असलेल्या ज्योतीचा प्रकाश आपल्याकडे येताना डोक्यावरच्या ताऱ्याच्या प्रकाशापेक्षा सुमारे दहापट जाड हवेच्या थरातून येतो. दहा अंशांवर हेच प्रमाण साडेपाचपटीच्या आसपास उतरते. दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा, म्हणजे एरवी नुसत्या डोळ्यांना दिसावा इतका तेजस्वी, धूमकेतू डोळ्यांना का दिसत नाही, याचे उत्तर या हवेत आहे.

शिखर शिंगणापूर फलटणपासून चाळीसेक किलोमीटरवर, माण तालुक्यात, शंभू महादेवाच्या डोंगररांगेवर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची हजार मीटरच्या वर आहे आणि तो सारा टापू पर्जन्यछायेतला. माणदेशाचा दुष्काळ हा आम्हा सगळ्यांच्या काळजीचा विषय. परंतु मोसमी पाऊस अजून महाराष्ट्रातून परतायचा असताना सह्याद्रीच्या माथ्यापेक्षा येथे आकाश मोकळे मिळण्याची आशा अधिक होती. देवळाच्या परिसरात दिवे असतात, म्हणून मी देवळापासून दूर, पूर्वेकडच्या उतारावरचा एक माळ दिवसाउजेडी जाऊन पाहून ठेवला. तेथून पूर्वेला माळशिरसकडचा सखल मुलूख पसरलेला दिसतो, आणि नातेपुत्याचे दिवे ईशान्येकडे, म्हणजे माझ्या चौकटीच्या पुरेसे डावीकडे राहतात. होकायंत्राने मी ठीक पूर्व ठरवली आणि तिच्या उजवीकडे दहा अंशांवर दूरच्या डोंगरकडेवरील एका खाचेची खूण धरली. धूमकेतू त्या खाचेच्या वर येणार होता. हात ताठ ठेवून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची असते. पहाटेच्या अंधारात हे माप मोबाइलपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिले की डोळे पुन्हा अंधाराला सरावायला पंधरा-वीस मिनिटे लागतात.

माझ्याकडे बारा वर्षांपूर्वीचा, लहान सेन्सरचा कॅनन डीएसएलआर आहे, ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स (‘एफ’चा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे), ५५-२५० मिलिमीटरची झूम लेन्स आणि एक जड तिपाई. ताऱ्यांच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवणारे यंत्र माझ्याकडे नाही, त्यामुळे एका छायाचित्राला किती सेकंद द्यायचे, हा पहिला प्रश्न होता. आकाश दर सेकंदाला पंधरा विकला सरकते (३६०० विकला म्हणजे एक अंश). माझ्या कॅमेऱ्यात ५० मिलिमीटरच्या लेन्सने एक पिक्सेल सुमारे अठरा विकलांचा पडतो, म्हणजे अडीच सेकंदांत तारा दोन पिक्सेल ओढला जातो आणि सहा सेकंदांत पाच. ‘पाचशेला केंद्रांतराने, म्हणजे लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्याने, भागा’ हा जुना ठोकताळा, लहान सेन्सरचा गुणक धरून, मला सहा सेकंदांची सवलत देत होता. पण पाच पिक्सेल लांबलेला तारा मोठ्या छपाईत उघड दिसतो, म्हणून मी अडीच सेकंदांची मर्यादा स्वतःवर घालून घेतली आणि उरलेला प्रकाश एकावर एक अनेक छायाचित्रे रचून मिळवायचे ठरवले. २५० मिलिमीटरच्या टोकाला हीच मर्यादा अर्ध्या सेकंदावर येते, आणि तेथे लेन्सचे तोंडही एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. झूम लेन्सने धूमकेतू मोठा दिसेल हा मोह मोठा असतो. तो हिशेब कागदावर मांडला की ओसरतो.

२८ सप्टेंबरच्या शनिवारी पहाटे सव्वातीनला निघालो. वाटेत आकाश मोकळे होते, मृग आणि व्याध लख्ख दिसत होते. डोंगरावर पोचलो तोवर पूर्वेला ढगांची भिंत उभी राहिली होती. सहा वाजेपर्यंत बसून परत फिरलो.

२९ तारखेची पहाट मात्र मला फार शिकवून गेली. पावणेपाचला तिपाई उभी होती. पूर्वेला सिंह राशीच्या दिशेने एक फिकट, उभा, शंकूसारखा उजेड मघेच्याही वर चढलेला दिसत होता, आणि पहाट लवकर फुटली की काय, असे वाटून मी घाईने कॅमेऱ्याची जुळवाजुळव सुरू केली. तो पहाटेचा उजेड नव्हता. ग्रहांच्या प्रतलात पसरलेल्या धुळीवरून परावर्तित होणारा तो राशिचक्री प्रकाश होता. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पहाटे क्रांतिवृत्त आपल्याकडे क्षितिजाशी जवळजवळ काटकोनात उभे असते, म्हणून हा प्रकाश या दिवसांत सर्वांत छान दिसतो. त्या गडबडीत मी फोकस नीट तपासला नाही. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवला आणि पुढे गेलो. पाच वाजून आठ मिनिटांच्या सुमारास खगोलीय संधिप्रकाश, म्हणजे पहाटेचा अगदी पहिला उजेड, सुरू झाला, पाच वाजून दहा-पंधरा मिनिटांच्या सुमारास मी दुर्बिणीने खाचेवरचा भाग चाळू लागलो, आणि पाच-अठराला तो दिसला.

दुर्बीण १० बाय ५०ची होती. तिच्या वर्तुळात ताऱ्यासारखा पण ताऱ्याहून भरीव असा एक ठिपका होता, आणि त्यातून वर, किंचित उजवीकडे कललेला, फिकट पिवळसर धुळीचा फराटा निघालेला होता. चित्रांत धूमकेतूची शेपटी मागे वाहत जाणारी दाखवतात. येथे ती सूर्याच्या विरुद्ध दिशेला, उगवतीपासून दूर, वर उभी होती. वर्गात मी हे वाक्य कितीतरी वर्षे शिकवले आहे. त्या पहाटे ते प्रथमच माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले, आणि मी काही क्षण दुर्बीण खालीच घेतली नाही.

नंतर कॅमेरा चालवला. अंधारात मागच्या लहान पडद्यावर सर्व काही ठीक वाटत होते. घरी येऊन संगणकावर पाहिले तेव्हा पहिल्या वीस छायाचित्रांतले तारे फुगलेले होते, कारण अनंताची खूण प्रत्यक्ष अनंतापाशी नव्हती. आणि त्यापुढच्या सगळ्या छायाचित्रांवर दूध सांडल्यासारखी साय होती, कारण लेन्सवर दहिवर पडले होते. पाऊस नुकताच होऊन गेलेला, जमीन ओली, वारा पडलेला आणि आकाश निरभ्र असेल, तर लेन्सची काच आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षा थंड होते आणि त्यावर दव धरते. मला हे कळायला हवे होते. तिपाईचे पाय मघापासून ओले लागत होते. ३० तारखेला सोमवारची सकाळची शाळा होती, म्हणून गेलो नाही, आणि तो दिवस तयारीत घालवला.

दवासाठी उपाय साधा केला. जाड सुती पट्टी शिवून तिच्यात तांदूळ भरले, ती निघताना तव्यावर गरम केली, लोकरी मोज्यात गुंडाळून डब्यात नेली आणि लेन्सभोवती बांधली. तासभर ती कोमट राहिली आणि तेवढे पुरले. फोकससाठी गुरूचा आधार घेतला. त्या दिवसांत गुरू वृषभ राशीत, पहाटे जवळजवळ माथ्यावर असे. पडद्यावर दहापट मोठा करून त्याचा ठिपका सर्वांत लहान होईपर्यंत फोकसची कडी केसागणिक फिरवली, आणि ती हलू नये म्हणून तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावली. त्यानंतर मी लेन्सला हात लावला नाही. शटर दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून ठरावीक अंतराने आपोआप छायाचित्रे घेणारा वायरचा रिमोट जोडला, आणि तिपाईच्या मधल्या आकड्याला दप्तर टांगून तिला वजन दिले.

१ ऑक्टोबर, मंगळवार, भाद्रपद वद्य चतुर्दशी. पाच वाजता मी सज्ज होतो. क्षितिजावर हातभर जाडीचा एक तपकिरी पट्टा होता, त्यावर स्वच्छ आकाश. देवळाच्या बाजूने एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत माळावरून चालले होते. अंधारात माणूस दिसल्यामुळे ते थांबले.

“कोण हाय रं तिथं?”

“नमस्कार बाबा, मी फलटणचा. मास्तर आहे. धूमकेतूचा फोटो घ्यायला आलोय.”

“धूमकेतू? म्हंजी शेंडेनक्षत्र?”

तो शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकला. मी होय म्हणालो आणि कोठे उगवणार ती खाच दाखवली. ते दगडावर टेकले. पाच-चौदाला दुर्बिणीतून मला धूमकेतू सापडला आणि त्याच्या डावीकडे, एक हात लांब अंतरावर, जवळजवळ त्याच उंचीवर, चंद्राची केसासारखी बारीक कोर क्षितिजावर येताना दिसली. अमावास्या दीड-पावणेदोन दिवसांवर होती. कोर उगवणार हे मला ठाऊक होते, तरी ती धूमकेतूच्या शेजारी अशी लाल, आडवी आणि उगवतीकडे तोंड केलेली दिसेल, याची कल्पना नव्हती. ५० मिलिमीटरच्या लेन्सची चौकट आडवी ठेवली तर सुमारे पंचवीस अंश रुंद असते. दोन्ही ज्योती त्यात बसत होत्या. उभ्या चौकटीचा बेत मी तेथेच सोडला आणि कॅमेरा आडवा केला.

पहिली छायाचित्रे पाच-सोळाला घेतली: अडीच सेकंद, एफ/२.२, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनक्षमता) १६००. लेन्स पूर्ण उघडली नाही, कारण पूर्ण उघडल्यावर तिच्या कडांवरचे तारे पंख फुटल्यासारखे दिसतात. पडद्यावर धूमकेतू उमटला, पण फिका. क्षितिजाचा तपकिरी पट्टा त्याची शेपटी खात होता. दर दोन-तीन मिनिटांनी मी हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातील काळोख-उजेडाचा आलेख, पाहत राहिलो. आकाशाचा उंचवटा डाव्या टोकापासून एक-तृतीयांश अंतरावर ठेवायचा आणि तो उजवीकडे सरकू लागला की आयएसओ उतरवायचे, एवढेच मी ठरवले होते. पाच-पंचविसाला ८०० केले. पाच-तिसाच्या सुमारास, सूर्य क्षितिजाखाली बारा अंशांवर असताना, दोन्ही गोष्टींचा तोल साधला: धूमकेतू आठ-साडेआठ अंशांवर आला होता, खालचा पट्टा जांभळट, त्यावर नारिंगी, त्यावर हिरवट झाक असलेला निळा, आणि त्या निळ्यात शेपटी स्पष्ट. पाच-एकोणतीस ते पाच-बत्तीस या तीन मिनिटांत मी चोवीस छायाचित्रे घेतली. माझ्याकडे जे चित्र आज आहे ते या तीन मिनिटांचे आहे. त्याआधीचा आणि नंतरचा सगळा वेळ त्यांच्यापर्यंत पोचण्यात आणि ती संपली हे समजण्यात गेला.

बाबांना दुर्बीण दिली. त्यांना ती डोळ्याला जुळवून घ्यायला वेळ लागला. मी त्यांचे दोन्ही कोपर माझ्या खांद्यावर टेकवले, आणि मग ते म्हणाले, “दिसला. झाडूवानी हाय की.” पाच-चाळिसाला नुसत्या डोळ्यांनी, नजर किंचित बाजूला ठेवून, मलाही त्याचे शीर्ष पुसटसे जाणवले; शेपटी मात्र डोळ्यांना दिसली असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. पाच-पन्नासला शटर पाव सेकंदावर आणि आयएसओ २०० वर आले होते, आणि उजळलेल्या आकाशात धूमकेतू विरून गेला. कोर त्यानंतरही बराच वेळ दिसत होती.

संगणकावरचे काम मी दोन रात्री केले. डीपस्काय-स्टॅकर या छायाचित्रे रचण्याच्या संगणक प्रणालीत चोवीस रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या, फाइली ताऱ्यांवर जुळवून रचल्या. चोवीस चित्रांच्या सरासरीने कॅमेऱ्याचा दाणेदार गोंगाट जवळजवळ पाचपटीने कमी होतो, आणि अडीच सेकंदांच्या एका चित्रात जी शेपटी दोन अंशांवर संपल्यासारखी वाटत होती ती रचलेल्या चित्रात पुढे सरकत गेली. धूमकेतू स्वतः ताऱ्यांच्या तुलनेत दिवसाला सुमारे दोन अंश सरकत होता. तीन मिनिटांत ही हालचाल माझ्या एका पिक्सेलच्याही आत राहते, म्हणून धूमकेतू आणि तारे वेगवेगळे जुळवण्याचा खटाटोप करावा लागला नाही. जमीन मात्र वेगळी हाताळावी लागली, कारण ताऱ्यांवर जुळवताना डोंगरकडा पुसली जाते. ती मी मधल्या एका चित्रातून घेतली आणि कोठे घेतली याची नोंद चित्राबरोबर ठेवली.

त्यानंतर प्रश्न आला तो चित्र किती ताणायचे याचा. कॉन्ट्रास्ट वाढवत गेलो तर शेपटी चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत नेता येत होती. त्याचबरोबर पहाटेचा नारिंगी रंग आगीसारखा भडकत होता, आणि कोर पांढऱ्या डागात बदलत होती. मी चित्राच्या तीन प्रती केल्या आणि दोन दिवस त्यांच्याकडे पाहत राहिलो. माझे मत असे झाले की कॅमेरा डोळ्यांपेक्षा जास्त पाहतो, हे मान्य करून ते जास्तीचे दाखवण्यात काही गैर नाही. परंतु त्या पहाटेचे रंग मी पाहिले होते, ते बदलण्याचा अधिकार मला नव्हता. म्हणून शेपटी जितकी गोंगाटाशिवाय दिसते तितकीच ठेवली आणि आकाशाचा रंग मधल्या एका न बदललेल्या चित्राशी ताडून घेतला. शाळेच्या फलकावर हे चित्र लावले, तेव्हा त्याच्या शेजारी त्या चोवीसपैकी एक कच्चे चित्रही लावले. मुलांनी दोन्ही पाहिली, आणि त्यांचे सर्वाधिक प्रश्न कच्च्या चित्राविषयी आले.

शिंगणापूरच्या त्या बाबांचा ‘शेंडेनक्षत्र’ हा शब्द मी घरी आल्यावर वडिलांना सांगितला होता. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि १९६५ सालचा इकेया-सेकी धूमकेतू आठवला, अर्थात त्याचे नाव त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते. ते सतरा वर्षांचे होते. दिवाळीच्या आगेमागे पहाटे मोटेवर जाताना पूर्वेला केरसुणीसारखा उभा उजेड त्यांनी आठवडाभर पाहिला होता. युद्ध नुकतेच थांबले होते आणि गावातली वडीलधारी माणसे त्या उजेडाकडे पाहायला नको म्हणत होती; माझे आजोबा मात्र त्यांना बांधावर उभे करून म्हणाले होते की नीट बघून घे, पुन्हा मिळायचा नाही. एवढे सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, “उद्या सुट्टी आहे ना तुला? मी आलो तर अडचण होईल का?”

२ ऑक्टोबर, गांधी जयंती, सर्वपित्री अमावास्या. सत्त्याहत्तरीकडे झुकलेल्या माणसाला तीन वाजता उठवणे मला जड जात होते. ते माझ्या आधी उठून, अंघोळ करून, शाल पांघरून दारात उभे होते. डोंगरावर त्यांच्यासाठी घडीची खुर्ची नेली आणि दुर्बीण तिपाईवर बसवली, म्हणजे हात कापले तरी चित्र स्थिर राहील. कॅमेरा त्या दिवशी हातात धरावा लागणार होता. अडीच सेकंदांचे छायाचित्र हातात धरून घेता येत नाही, हे उघड होते, आणि मी तो बराच वेळ पिशवीतून काढलाच नाही.

पाच-एकविसाला मी दुर्बीण धूमकेतूवर लावली आणि बाजूला झालो. वडील वाकले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदूनंतर बसवलेली भिंगे आहेत. त्यांना किती दिसेल, याची मला काळजी होती. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्या वेळी याच्या दहापट होता. पण उभा असाच होता.” थोड्या वेळाने त्यांनी विचारले की शेपटी आज उजवीकडे कलली आहे, ती पुढे कोणत्या बाजूला वळेल, आणि मी त्यांना सांगितले की धूमकेतू आता दररोज सूर्याच्या जवळ सरकतो आहे, आठवड्याभरात तो पहाटेच्या आकाशातून दिसेनासा होईल, पृथ्वीच्या सर्वांत जवळ दसऱ्याच्या दिवशी, १२ ऑक्टोबरला, असेल आणि त्यानंतर संध्याकाळी पश्चिमेला दिसू लागेल; तेव्हा शेपटी वर आणि डावीकडे झुकलेली असेल. ते म्हणाले, “मग संध्याकाळीही बघू.”

पाच-पस्तिसाला त्यांनीच विचारले, “तुझा फोटो?” तेव्हा मी कॅमेरा काढून एका सपाट दगडावर, खाली पिशवीची घडी देऊन ठेवला आणि अकरा छायाचित्रे घेतली. फोकस गुरूवर पुन्हा लावायला वेळ नव्हता, आदल्या दिवशीची चिकटपट्टी जागेवर होती आणि तिने साथ दिली. दगडाच्या उतारामुळे क्षितिज तिरके आले आहे. चौकटीच्या उजव्या कडेला शाल पांघरून दुर्बिणीत वाकलेली एक काळी आकृती आहे, आणि तिच्या वर, दोन बोटांवर, धूमकेतू. वडील अडीच सेकंद हलले नाहीत म्हणून त्यांची कड रेखीव आली. हे चित्र मी रचले नाही, सरळही केले नाही.

४ तारखेला, नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी, मी एकटा पुन्हा गेलो. धूमकेतू आणखी खाली उतरला होता आणि तपकिरी पट्ट्याच्या वर येईतो आकाश पार उजळले होते. दुर्बिणीत तो मिळाला नाही. तरीही खाचेच्या वर कॅमेरा रोखून पाच-पस्तीस ते पाच-चाळीस या वेळात साठ छायाचित्रे घेतली, घरी येऊन रचली, उजेडाचा उतार वजा केला, आणि अपेक्षित जागी चार-पाच पिक्सेलांचा एक ठिपका आणि त्याच्यावर जेमतेम अर्ध्या अंशाची रेघ सापडली. ताऱ्यांच्या नकाशाशी ताडून पाहिले. त्या जागी कोणताही तारा नव्हता.